न विचारता मंदावलेला फोन

"काका, तुमचं बोट ठणठणीत आहे. म्हातारा झालाय तो फोन," असं म्हणत दुरुस्तीवाल्या बाईंनी फोनचं मागचं झाकण उचकटलं.

तुफानकाकांनी हे ऐकून आपलं बोट उलटसुलट करून बघितलं. चाळीस वर्षं याच बोटांनी त्यांनी टॅक्सी चालवली होती. उमेदीत काका इतके सुसाट जात, की त्यांची सावली अर्ध्या तासानं धापा टाकत स्टँडवर पोचे आणि आधी पाणी मागे. स्टँडवर सगळे हेच सांगतात. त्यांना सांगितलं अर्थात काकांनीच.

पण गेले चार महिने फोनवर भाड्याची घंटी वाजे, काका बोट लावत, पडद्यावरचं चक्र गरगरत राही, आणि तेवढ्यात भाडं दुसऱ्याच्या गाडीत बसून निघालेलं असे. लेकीनं ठरवून टाकलं, बाबा मंदावले, आता गाडी विकायची. आज दुपारी गाडी बघायला माणूस यायचा होता. आणि वाईट म्हणजे, काकांनाही ते पटू लागलं होतं.

बाईंनी उलगडून सांगितलं. बॅटरी जुनी झाली की तिला एकदम जोर देता येत नाही. फोन मध्येच बंद पडू नये म्हणून कंपनीनंच त्याची चाल कमी करून ठेवली होती.

"मला न विचारता?"

"तुमच्या भल्यासाठी म्हणे."

"भलं माझं ना? मग विचारायचं कोणाला, शेजाऱ्याला?"

नवी बॅटरी बसली आणि फोन असा पळू लागला, की काकांच्या मनात आलं रे आलं की पडदा हजर.

घरी आले तर गाडी बघायला आलेला माणूस टायर दाबून बघत होता. लेक गाडीचे कागद घेऊन उभी. काकांनी तिला बाजूला घेऊन फोनची हकीकत सांगितली, आयुष्यात प्रथमच तिखटमीठ न लावता. कंपनीनं न विचारता काय केलं, तिथवर येऊन ते थांबले. पुढचं सांगावं लागलं नाही. लेकीनं हातातले कागद पाठीमागे नेले.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "विकायची का गाडी?"

काकांनी खरोखर विचार केला. अंधारात समोरून दिवे आले की रस्ता दिसेनासा होतो, एवढी एकच गोष्ट त्यांनी स्टँडवर कधी सांगितली नव्हती.

"गाडी राहू दे. पण अंधारात नाही चालवायची, आजपासून. हे माझं मी ठरवलंय."

तेवढ्यात घंटी वाजली. काकांनी बोट टेकवलं, भाडं मिळालं. टायर दाबणाऱ्या माणसाला ते म्हणाले, "बाजाराकडेच निघालोय, बसा, वाटेत सोडतो." तो बिचारा मुकाट्यानं मागे बसला.

काकांनी दोन्ही आरसे बघितले, मग काचेतून वर सूर्याकडे नजर टाकली. मावळायला अजून अडीच तास होते. त्यांनी गियर टाकला.