डबीतलं तेल

"दाबा, मामी."

"दाबलं."

"धरून ठेवा. मी सांगितल्याबिगर पाय उचलायचा नाही."

हौसेराव जीपखाली उताणा पडला होता. त्याने खालच्या सिलिंडरचं हवा काढायचं निपल पान्ह्याने सैल केलं. नळीतून तेल आलं, दोन बुडबुडे आले, आणि तो निपल आवळायच्या आत सगळं उलटं आत ओढलं गेलं.

"उचलला ना पाय?"

"ते फसकन खाली गेलं. मला वाटलं मोडलं, म्हनून उचलला."

"मोडत नाही मामी. ते खाली जाणारच. सकाळपासून सांगतोय."

"मग वराडताय कशाला? मी काय गाडीच्या शाळेत गेलते?"

हौसेरावने डोळे मिटले. दिवसभर हेच चाललं होतं. बाटलीतलं तेल तळाला आलं होतं, पाठ भरून आली होती, आणि क्लचचं पेडल अजून ओल्या फडक्यासारखं दबत होतं.

जीप जुनी होती. त्याने तिचं मूळ इंजिन काढून भंगारात निघालेल्या एका पिकअपचं डिझेल इंजिन बसवलं. इंजिन बसलं, पण क्लचचा जुना दांडा जायला जागाच उरली नाही. मग दांड्याच्या जागी तेल आलं. पेडल दाबलं की वरच्या सिलिंडरातलं तेल पाइपातून खालच्या सिलिंडरात जाणार आणि तो क्लच ढकलणार. वरचा सिलिंडर एका गाडीचा, खालचा दुसरीचा, पाइप त्याने स्वतः वाकवलेले. तळोज्याच्या कारखान्यात फिटर म्हणून जन्म गेला होता, त्यामुळे हे त्याला अवघड नव्हतं. पण तेलात हवा राहिली तर सगळं फुकट, आणि ती हवा काढायला दोन माणसं लागतात. एकाने वर बसून पेडल धरायचं, दुसऱ्याने खाली निपल उघडायचं.

वर त्याची बायको विजयमाला बसायची. ब्रेकची हवा तिनेच काढून दिली होती. "धरलंय," म्हणायची, आणि मग आख्खं कामोठं हललं तरी तिचा पाय हलत नसे. क्लचचं तेवढं राहिलं. दिवाळीनंतर ताप आला आणि आठवड्यात ती गेली.

दिवसकार्याला आलेली तिची आई, केशरबाई, परत साताऱ्याला गेलीच नाही. विजयमाला हौसेरावच्या मामाचीच मुलगी, त्यामुळे सासू त्याची मामी. फोटोपुढचा दिवा लोक तेराव्यापर्यंत ठेवतात. मामीने तो अजून विझू दिला नव्हता. हौसेराव त्या कोपऱ्याकडे बघत नसे. तो खाली पार्किंगमध्ये येऊन बसे.

आता ते पार्किंगही सुटायची वेळ आली होती. सोसायटीचा सेक्रेटरी दिलीप दोनदा सांगून गेला होता.

"काका, रविवारी परांची बांधणार, रंगाचं काम आहे. गाडी स्वतः चालत बाहेर गेली तर नो टेन्शन, काम झालं की परत लावा. नाही चालली तर क्रेन लावून भंगारवाल्याला. मीटिंगमध्ये ठरलंय. आणि आता काकू पण नाहीत, कोणासाठी एवढी मारामारी करताय?"

आज शुक्रवार होता.

ऊन उतरता उतरता त्याला चूक दिसली, आणि ती त्याचीच होती. जागा कमी म्हणून त्याने खालचा सिलिंडर उलटा बसवला होता. निपल तळाला, हवा वरती. जन्मभर दाबलं तरी ती निघाली नसती. त्याने बोल्ट काढले, पट्टी फिरवली, निपल वर आणलं.

"म्हंजे माझा पाय बरुबर व्हता," मामी वरून म्हणाली.

"पाय पण चुकत होता."

"पन आदी तुमचं चुकलं."

पुन्हा दाबा, धरा, सोडा. बुडबुडे आले, कमी झाले, थांबले. पेडल पायाखाली घट्ट लागायला लागलं. बाटली संपली होती आणि वरच्या सिलिंडरावरची तेलाची डबी अर्धीच भरलेली राहिली.

"उद्या तेल आणून भरतो," तो म्हणाला. "डबीतलं कमी पडलं तर परत हवा शिरंल."

शनिवारी दुपारी कळंबोलीहून बाटली घेऊन तो आला. पेडलवर पाय ठेवला तर ते खाली गेलं आणि वर आलंच नाही. त्याने क्लचच्या डबीचं झाकण उघडलं. डबी काठोकाठ भरलेली होती. वर पिवळा थर होता. त्याने बोट बुडवून वास घेतला.

"मामी!"

मामी जिना उतरून आली.

"ह्यात काय घातलं?"

"तेल."

"कुठलं?"

"दिव्याचं. तिळाचं हाय, चांगलं. काल तुमी वर गेल्यावर घातलं, आन चार-पाचदा दाबून बी ठिवलं, तुमी दाबता तसं."

"अहो, आतलं रबर फुगलं! तिळाचं तेल घालतात होय गाडीत? आता हळद-कुंकू पण वाहा!"

"ते कालच वाहिलंय," मामी म्हणाली.

बॉनेटवर खरंच बोटं उमटलेली होती. हौसेराव मटकन चाकाजवळ बसला. मग दचकून उठला.

"ब्रेकच्या डबीत नाही ना घातलं?"

"ती भरल्याली व्हती. भरल्यात कशाला घालू?"

तेवढं तरी नशीब. मामीने पदराने बॉनेट पुसायला घेतलं, मग हात थांबवला.

"कमी पडाय नको म्हनला. बाटली रिकामी. माजी पोर बसायची तितं, तिची गाडी मी रातभर कोरडी ठिवू?"

हौसेराव पुन्हा कळंबोलीला गेला. दोन्ही सिलिंडरची नवी रबरं आणली, रबरी पाइप बदलला, लोखंडी पाइप स्पिरिटने धुऊन काढला. सिलिंडर उघडताना शिव्या घातल्या, त्या इंजिनाला, दिलीपला, तिळाला.

रविवारी सकाळी बांबूचा ट्रक गेटवर येऊन उभा राहिला तेव्हा तो पुन्हा जीपखाली होता.

"दाबा."

मामीने दाबलं. पेडल फसकन खाली गेलं. पाय हलला नाही.

"धरलंय," ती म्हणाली.

हौसेरावचा पान्हा क्षणभर तसाच राहिला. मग त्याने निपल आवळलं.

"काका, झालं का? बांबूवाले खोळंबलेत," दिलीप ओरडला.

"मामी, तिकडे सरका. मला बसू द्या."

मामी डाव्या बाजूला सरकली.

"उतरलात तरी चालेल."

"मी न्हाई उतरत. दोन दिस पाय मोडलाय माजा."

आधी त्याने ब्रेक दाबून बघितला. मग इंजिन लावलं, क्लच दाबला. पहिला गिअर आवाज न करता पडला. त्याने पाय हळूहळू उचलला आणि जीप धूर सोडत, कुरकुरत, गेटबाहेर गेली. ट्रकवाल्याला मागे सरकावं लागलं.

संध्याकाळी मामीने आतून हाक मारली, "हौसेराव, दिव्यातलं तेल कमी झालंय. कुटलं घालू?"

"तुम्ही कशाला हात लावू नका," तो वैतागून म्हणाला, उठला, आणि तिळाच्या तेलाची बाटली घेऊन फोटोपुढे गेला.