टाकीवरची फळी

माझ्या आवाजाला आमच्या गल्लीत तोफ म्हणतात. म्हणू देत. शाळेची व्हॅन चालवायची तर तोफच लागते, नाहीतर ही कार्टी डोक्यावर मिऱ्या वाटतात. पण त्या सकाळी माझा धाकटा भाऊ बारक्या व्हॅनच्या मागच्या दारातून अगदी हळू आवाजात मला म्हणाला, "ताई, इंजिन बंद कर. मुलांना एकेक करून खाली उतरव. दार आपटू देऊ नको."

"का रे? शाळा काय तुझ्या मेव्हण्याची आहे, उशिरा घ्यायला?" मी तोफ डागलीच.

"ताई, तुझ्या पाया पडतो."

बारक्या आणि पाया पडणार! जन्मात कधी चूक कबूल केली नाही त्यानं. मी वळून पाहिलं तर चेहरा पांढराफटक, आणि हात जिथल्या तिथे थांबलेला. मी मुकाट्यानं चावी फिरवली.

बारक्या गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये फिटर आहे. माझी व्हॅन त्यानंच हायड्रोजनवर चालती केली. इंजिन तेच, जुनं, सकाळी खोकणारं. पेट्रोलच्या जागी हायड्रोजन जळतो, एवढंच. पण हा गॅस महाहलका. थोडा घ्यायचा तरी जागा फार खातो, म्हणून दाबून दाबून भरायचा. टायरमध्ये हवेचा असतो त्याच्या शंभर पटींहून जास्त दाब. त्यासाठी काळ्या धाग्यांचे वेढे घातलेली जाडजूड टाकी त्यानं शेवटच्या सीटमागे बसवली आणि वर कापडी कव्हर चढवलं. टाकी झाली झकास, पण पोरांच्या दप्तरांची जागा गेली. मी त्यावरून रोज कुरकुर करायचे.

ती कुरकुर आमच्या बाबांनी ऐकली. बाबा सुतार. आता काम सोडलंय, पण हात स्वस्थ बसत नाहीत. आदल्या रविवारी मी आईला डॉक्टरकडे घेऊन गेले होते. परत येते तर व्हॅनमध्ये टाकीच्या वर सुरेख फळी! कडा घासलेल्या, पॉलिश केलेली. "माझ्या नातीनं काय दप्तर मांडीवर घेऊन बसायचं?" बाबा म्हणाले. मला इतका आनंद झाला की सगळ्या गल्लीला बोलावून ती फळी दाखवली. एकटा बारक्या राहिला, तो वर्कशॉपमध्येच राहतो.

त्या सकाळी गॅसचा काटा अडकला होता, म्हणून बारक्याला बोलावलं. मैदानाच्या कडेला, जिथे शेवटची दोन पोरं गाडीत चढतात, तिथे तो आला आणि त्यानं कव्हर वर केलं.

मी मुलांना उतरवलं. "चला रे बाळांनो, हळूच," असं मी कुजबुजले, आणि त्या कुजबुजण्यानंच पोरं घाबरली. माझ्या ओरडण्याला ती कधी भीक घालत नाहीत. सगळ्यात शेवटी माझी ठमी उतरली. ती कायम मागच्या सीटवर बसते, टाकीला पाठ टेकून. तिचा हात धरून मी सगळी पलटण मैदानाच्या पार टोकाला, भिंतीआड नेऊन बसवली. त्यातल्या सगळ्यात मोठ्या मुलीला बाकीच्यांवर लक्ष ठेवायला सांगितलं आणि पळत परत आले.

"आता बोल. काय झालं?"

बारक्यानं बोट दाखवलं. कव्हरखाली फळीचे पाय टाकीवर टेकले होते, आणि प्रत्येक पायातून एक स्क्रू सरळ टाकीत गेला होता. स्क्रूभोवती काळे धागे पिंजारलेले दिसत होते.

"हे कुणी केलं?"

"बाबांनी," मी म्हटलं.

तो धाग्यांजवळ वाकला. मग म्हणाला, "स्क्रू आरपार गेले नाहीत, म्हणून गॅस सुटला नाही. पण सगळा दाब हे धागे पेलतात, ताई. एक तुटला की त्याचा भार शेजारच्यावर. आत किती तुटलेत ते बाहेरून कळत नाही. आत्ता फुटेल, वर्षानं फुटेल, कदाचित फुटणारही नाही."

"आणि फुटली तर?"

त्यानं शेवटच्या सीटकडे पाहिलं. आठवडाभर मी ह्या गाडीत पोरं भरून खड्ड्याखड्ड्यांतून नेत होते, वर गाणी म्हणत!

"चल इथून," मी त्याचा दंड धरला.

"गॅस सोडायला कुणीतरी थांबलंच पाहिजे. आपोआप रिकामी होते का टाकी? तू जा. ठमीजवळ जा."

गेले. भिंतीआडून त्याला येतील तेवढ्या शिव्या घातल्या: मूर्ख, हट्टी, आईबापाच्या जिवाला घोर. पोरं तोंडाकडे बघत राहिली. बारक्यानं टाकीच्या तोंडाला नळी जोडली, तिचं टोक उंच आकाशाकडे बांधलं आणि कळ अगदी थोडी उघडली. सूं असा आवाज सुरू झाला. तो संपेचना. मी ठमीला एवढं घट्ट धरलं की ती "आई, दुखतंय," म्हणाली.

शेवटी आवाज बारीक झाला, थांबला. बारक्यानं हात वर केला आणि तिथेच मातीत फतकल मारून बसला. मी धावत गेले आणि आधी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, मग रडले.

तेवढ्यात समोरून बाबा. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की लेकीची गाडी बंद पडली. आले ते हत्यारांची पिशवी घेऊनच.

"फळी हलली का गं?"

"टाकी खराब निघाली, बाबा," मी पटकन म्हटलं. "कंपनीचाच दोष."

पण बाबांना खोटं पटवणं कठीण. ते वाकले, स्क्रू पाहिले, पिंजारलेल्या धाग्यांवरून अंगठा फिरवला. "मला वाटलं, प्लास्टिकचं रिकामं पिंप आहे," ते म्हणाले. "कडक लागलं, म्हणून आधी भोकं पाडून घेतली मी." मग बारक्याकडे वळले. "आत गॅस होता? मी भोक पाडत होतो, तेव्हाही?"

बारक्यानं होकारार्थी मान हलवली.

"पोरं आठवडाभर ह्यातूनच जात होती?"

बाबांनी पिशवी खाली ठेवली.

"आजोबा!" ठमी मैदान ओलांडून धावत आली आणि उचलून घ्या म्हणून तिनं दोन्ही हात वर केले. बाबा दोन पावलं मागे सरले. हात त्यांनी पाठीमागे घेतले.

"नको, बाळा," ते म्हणाले. "माझे हात घाण झालेत."

हात स्वच्छ होते. ठमी वाट बघत तशीच हात वर करून उभी राहिली.