काचेच्या कपाटातली पंचिंग बॅग

मित्रांनो, मी एक जुनी पंचिंग बॅग आहे. मार खाणे हा माझा व्यवसाय. तुमच्यापैकी काही जण हेच काम घरी फुकट करतात, याची मला कल्पना आहे.

माझा जन्म शिंपीकाकांच्या दुकानात झाला. काका इतके मवाळ, की कापडावर कात्री चालवतानाही हळहळायचे. पण त्यांच्या मुलीला बॉक्सर व्हायचे होते. काकांनी जाड ताडपत्री शिवली आणि आत चिंध्या ठासून भरल्या. पुढे ती मुलगी इतरांना शिकवू लागली; सगळे तिला ताई म्हणत. ताईने मला यथेच्छ बडवले. शिवण फाटली की काका टाके घालत.

"अगं, या बिचारीने तुझं काय घोडं मारलंय?"

"काही नाही बाबा, आवडते मला," म्हणत ताई आणखी एक ठोसा हाणायची.

मग ताईला कॅन्सर झाला. तरी ती यायची. ठोसे हलके झाले, शिव्या वजनदार झाल्या. एके दिवशी तिने मला नुसती मिठी मारली. तो मार सर्वांत जोरात लागला.

ती गेली. काकांनी तिच्या नावाने संस्था काढली आणि ताईच्या सरावाच्या हॉलमध्ये कॅन्सरच्या रुग्णांच्या नातेवाइकांची मोफत राहण्याची सोय केली. माझ्यातल्या चिंध्या काढून ताईचे कपडे भरले आणि मला काचेच्या कपाटात टांगले. वर पाटी लावली: 'हात लावू नये'. मान मिळाला, मित्रांनो. पण पंचिंग बॅगचे पोट मानाने भरत नाही.

एका दुपारी तिथे राहणाऱ्या मास्तरांच्या बायकोचा रिपोर्ट वाईट आला. मास्तरांनी चष्मा काढून नीट खिशात ठेवला, स्टूल उचलले आणि काच फोडली. खळ्ळकन! मग मला दे दणादण!

काका धावत आले. "अहो मास्तर, थांबा! आत माझी पोरगी आहे! तिचे कपडे आहेत!"

मास्तर धापा टाकत म्हणाले, "मग तिलाच विचारा ना, असं नुसतं लटकत राहणं आवडलं असतं का तिला?"

काकांनी मूठ वळली आणि आयुष्यातला पहिला ठोसा मला मारला. मी मागे गेले, परत आले आणि त्यांना आडवे केले. माझा नाइलाज होता.

ओठ फुटलेले काका जमिनीवर पडल्या पडल्या हसत होते, रडत होते. "तिचाच हात आहे हो!"

आता कपाट गेले. पाटी बदलली: 'हात लावल्याशिवाय जाऊ नये'. काका रोज माझ्या शिवणीला टाके घालतात.

मित्रांनो, मला जपायचे असेल, तर या आणि मारा. फक्त लगेच बाजूला व्हा. ताई कुणाचे उसने ठेवत नाही.