सुतळीचा तुकडा

पेयो मास्तर सही का करत नाहीत, या एका प्रश्नाने रांगेलची झोप उडाली होती. शेजार जन्माचा, भांडण कधी नाही, आणि खोली ती केवढी, एका पलंगाची. पण ती मास्तरांच्या कुंपणाला चिकटून उठणार होती, म्हणून नगरपालिकेने अडवलं. आधी शेजाऱ्याची संमती, तीही नोटरीसमोर, मग परवाना. आणि मास्तर विषय काढला की मधमाश्यांकडे बघायला निघून जात.

खोली आता झ्लातिनासाठी हवी होती. ही रांगेलची बायको. ती वसंतात अंगणात पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. डोंगरातलं घर ते, खाली गोठा आणि तळघर, माणसांनी राहायचं ते सगळं जिना चढून. म्हणून तिला प्लोवदिव शहरात लेकीकडे ठेवलं होतं. तिथल्या फ्लॅटच्या खिडकीत बसून ती रोज फोनवर विचारायची, "खोलीचं काय झालं?" आधी आवाजात हौस असायची. आता ती विचारायचं म्हणून विचारायची. बर्फ पडायच्या आत पाया झाला नाही, तर बाईचा हिवाळा त्या खिडकीतच जाणार होता.

कुठंतरी पाणी मुरतंय, हे नक्की. आधी त्याला वाटलं, मास्तरांचा डोळा हद्दीवरच्या आलुबुखाराच्या झाडावर आहे. त्याने टोपलीभर फळं पाठवली. मास्तरांनी ती खाल्ली आणि टोपली धुऊन परत केली, सही केली नाही. मग त्याला नगरपालिकेतल्या बाईचा संशय आला. ती मास्तरांची जुनी विद्यार्थिनी, दोघांचं काहीतरी शिजत असणार. मग एकदा मास्तरांच्या फाटकापाशी राजधानीतली, सोफियाच्या नंबरची गाडी दिसली. म्हणजे गिऱ्हाईक आलंय, दोन्ही घरं घशात घालणार! गाडीवाला मध न्यायला आलेला निघाला, तरी रांगेलचं समाधान होईना. मधाच्या नावाखाली माणूस काय वाटेल ते विकत घेतो.

शेवटी त्याने घरी गाळलेल्या राकिया दारूची बाटली काखोटीला मारली आणि मास्तरांच्या बाकावर जाऊन बसला.

"मास्तर, एकदाचं सांगून टाका. झाड हवंय? घ्या झाड."

"तुझं झाड तुझ्याच डोक्यात पडो. मला काय करायचंय?"

"मग माझ्या बायकोशी काय वैर आहे तुमचं? ती तिकडे झुरतेय आणि तुम्ही इथं मजेत मध चाटताय!"

मास्तरांनी पेला खाली ठेवला. चेहरा उतरला होता.

"मिस्त्री माप घ्यायला आला होता, तेव्हा झ्लातिना कुठं उभी होती?"

रांगेलला आठवलं. तेव्हा तिथे तिचं उन्हाळी स्वयंपाकघर व्हायचं होतं. "कोपऱ्यात. खिडकी कुठं हवी ते दाखवत होती."

"आणि ऊन पाठीमागून. मिस्त्र्याने सुतळी ताणली ती तिच्या सावलीवरून. डोक्यापाशी गाठ मारली नि तोडली. मी कुंपणावरून पाहिलं. आठवडा झाला नाही तोवर ती पडली. आता मी सही केली नि ती सुतळी पायाखाली गेली, तर?"

त्या डोंगरात हे कुणाला सांगावं लागत नाही. जुने गवंडी येणाऱ्याजाणाऱ्याची सावली सुतळीने मोजायचे आणि ती सुतळी पायाच्या दगडांखाली पुरायचे. भिंत टिकते, माणूस चाळीस दिवसांत जातो. रांगेलची आजी बांधकामाशेजारून पोरांना जाऊ द्यायची नाही. पण मास्तर? यांनी जन्मभर शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं. सावली म्हणजे अडलेला उजेड, असं अख्ख्या गावाच्या पोरांकडून घोकून घेतलं.

"मास्तर, तुम्हीसुद्धा?" रांगेलला हसूच आलं.

"हस. मीही हसलो होतो." मास्तरांनी मागच्या भिंतीकडे पाहिलं. "ही खोली बांधली तेव्हा माझी दोना दारात उभी होती. मीच मिस्त्र्याला म्हटलं, मोज हिची सावली, काही होत नाही हे पोरांना दाखवू दे. चाळिसावा दिवस तिने पाहिला नाही. आजार आधीपासून होता, डॉक्टरांनी समजावलं. मला समजतं रे. पण या भिंतीत मला आजवर साधा खिळा ठोकवला नाही."

रांगेलने मास्तरांचा पेला पुन्हा भरला. मास्तरांच्या बायकोच्या मयताला तो खांदेकरी होता, आणि एवढी वर्षं या माणसाला तो रोज नुसता नमस्कार करत आला होता.

"सांगायचं होतंत की."

"तू गावभर केलं असतंस."

केलं असतं. हे रांगेललाही माहीत होतं.

"ती सुतळी कुठाय?" मास्तरांनी विचारलं.

रांगेल घुटमळला. "मिस्त्री टाकून गेला होता. मी टोमॅटोला बांधली."

"बायको टोमॅटोला बांधलीस, गाढवा?"

दोघं म्हातारे वाफ्यात शिरले. मास्तर एकेक रोप सोडवत गेले, टोमॅटो चिखलात लोळले, आणि रांगेलला एरवी ज्याचा संताप आला असता ते तो मुकाट्याने बघत राहिला. गाठीचा तुकडा शेवटच्या ओळीत सापडला. मास्तरांनी तो रुमालात गुंडाळला. दोघं पुलावर गेले, आणि मास्तरांनी तो नदीत सोडला. दिसेनासा होईपर्यंत कुणी हललं नाही.

"सोमवारी नोटरीकडे जाऊ," मास्तर म्हणाले.

परवाना बर्फाच्या आधी आला. पाया आखायच्या दिवशी झ्लातिनाचा फोन आला, आणि कित्येक महिन्यांनी तिच्या आवाजात पुन्हा ती हौस होती.

"लेक गाडीतून आणते म्हणतेय. आम्ही आत्ताच निघतोय. माझी खोली आखताना मला बघायचीय!"

अंगणात लख्ख ऊन पडलं होतं. कोपऱ्यात मिस्त्री नव्या सुतळीचं बंडल सोडत होता, आणि कुंपणापलीकडून मास्तर त्याच्या हातांवर नजर ठेवून उभे होते. आपण कुणाच्या खुळात सामील झालोय हे रांगेलला पुरतं कळत होतं.

"ये ना, ये," तो म्हणाला. "पण ढगाळ दिवशी ये."