एका नरसाळ्यातली तीन पोती

मित्रांनो, निम्म्या जगाच्या जहाजांचं आगीपासून रक्षण मी करतो. सिंगापूरच्या बंदरातून जी जहाजं निघतात, त्यांच्या इंजिनरूममध्ये, खलाशांच्या स्वयंपाकघरात, जिन्याच्या वळणावर आग विझवायची लाल नळकांडी टांगलेली असतात. त्यांत भरलेली पावडर माझ्या पोटातून गेलेली असते. माझ्यावाचून दर्यावर कुणी सुखाने झोपू शकत नाही.

मी एक जुना हॉपर आहे. हॉपर म्हणजे नरसाळं. घरी बाटलीत तेल ओतायला घेता, तेच. माझं पोट मोठं आणि खाली एक मोटर, एवढाच फरक.

माझा जन्म भोसरीच्या एका शेडमध्ये झाला. मला जोडणारा वेल्डर दिवसभर रेडिओ लावायचा आणि रेडिओपेक्षा मोठ्याने बोलायचा, त्यामुळे मराठी माझ्या पत्र्यातच मुरली. पुढे लाकडी खोक्यात बसून मी सिंगापुरात, तुआसच्या या कारखान्यात आलो. इथली हवा दमट. पावडर कडेला चिकटते, म्हणून मोटर मला दिवसभर हलवत असते. थांबलो की तुंबलो. स्वस्थ बसणं म्हणजे काय, हे मला माहीतच नाही.

वरून एकच पावडर पडते. खाली मात्र तीन तऱ्हेची पोती लागतात. लाल पोत्यावर नांगर आहे आणि 'ॲडमिरल' हे नाव. निळ्यावर दोरखंडाची गाठ आणि 'बोसन', म्हणजे खलाशांचा मुकादम. पांढऱ्यावर 'पावडर' एवढंच लिहिलेलं असतं, तेही जरा तिरकं. निळं पांढऱ्याच्या दीडपट किमतीला जातं, लाल तिप्पट. लाल पोती भरायची असली की मला आधी स्वच्छ पुसतात. बाहेरून.

तरुणपणी मला वाटायचं, फरक माझ्यातच कुठेतरी पडत असणार. लाल पोतं लागलं की मी जरा ताठ थरथरायचो. मिस्टर को, म्हणजे आमचे मालक, माझ्या पोटावर थाप मारून म्हणायचे, "गुड वन, लाह!" कौतुकाने कुणाचं डोकं फिरत नाही? मग एक दिवस लाल पोती संपली, उरलेली पावडर निळ्यात गेली, आणि कुणाच्या चेहऱ्यावरची माशीसुद्धा हलली नाही. त्या दिवसापासून माझं ताठ थरथरणं गेलं. साधं थरथरणं राहिलं.

आता निशिकांतबद्दल सांगतो. तो इथला प्रॉडक्शन मॅनेजर. मूळचा चिंचवडचा, राहायला सेरंगूनला. घरी फोन करायचा असला की मला टेकून उभा राहतो, कारण इथे मराठी कळणारं दुसरं कुणी नाही. मला कळतं, हे त्याला कळलेलं नाही.

एके दिवशी हेमचंद्र आले. पूर्वी बोटीवर चीफ इंजिनियर, आता एका शिपिंग कंपनीत सुपरिंटेंडंट. कुठल्या जहाजावर काय माल चढवायचा, हे ते ठरवतात. शिवाय निशिकांतच्या मराठी मंडळातले. त्यांनी तिन्ही पोती पाहिली, तिन्ही पोत्यांच्या किमती पाहिल्या आणि आवाज खाली आणला.

"निशिकांतराव, कंपनीचं जरा बाजूला ठेवा. आपल्यातले म्हणून विचारतो. खरं कुठलं घ्यावं?"

निशिकांतने इकडेतिकडे पाहिलं. मिस्टर को लांब फोर्कलिफ्टवाल्यावर ओरडत होते.

"कुठलंही घ्या. तिन्हींत एकच आहे."

"एकच म्हणजे, एकाच जातीचं?"

"एकच म्हणजे एकच. सकाळी लाल भरतो, जेवून आलो की पांढरं. मध्ये पोतं बदलतं आणि आम्ही जेवतो."

"मग तिप्पट कशाचे हो?"

"आमचं लाल पोती विकायचं ऑफिस मरीना बेला आहे. खिडकीतून समुद्र दिसतो. भाडं पोत्यातूनच निघायला हवं ना? शिवाय नांगर काढणारा चित्रकार, प्रदर्शनातला स्टॉल, स्टॉलवरची बिस्किटं, दलाल, दलालाचा दलाल. प्रत्येक मालाचा नमुना तपासून बरणीत जपून ठेवतात, तेवढं मात्र खरं."

"आणि पांढऱ्याचा नमुना?"

"तो त्याच बरणीत आहे की!"

हेमचंद्र पोट धरून हसले. जाताना म्हणाले, "कुणाला बोलत नाही."

रविवारी मंडळाचं जेवण होतं. सोमवारी सकाळी निशिकांतचा फोन वाजला. त्याची बायको, इरा.

"निशी, काय सांगितलंस तू त्या हेमचंद्रला? काल शिरा वाढताना तिघींनी विचारलं मला, खरंच सगळं एकच असतं का गं?"

"आपल्यातला म्हणून विचारलं त्याने."

"मग आपल्यातला म्हणून थाप मारायची! परक्याला खरं सांगितलं तर तो निदान विसरतो तरी. पास वाढवून घ्यायचा अर्ज जायचाय, चैत्रालीची मोठी परीक्षा याच वर्षी, आणि तुला आत्ताच खरं बोलायची हौस आली?"

मित्रांनो, एम्प्लॉयमेंट पास म्हणजे इथे नोकरी करायची परवानगी. ती नोकरीला बांधलेली असते. आमचा कारखाना जगतो लाल पोत्यावर. लाल गेलं तर मॅनेजर लागत नाही, मॅनेजर गेला तर पास जातो, आणि पास गेला तर इरा, लेक चैत्राली, तिची शाळा, सगळंच आवरून चिंचवड. निशिकांतने हे मनात जोडून पाहिलं असणार, कारण तो पेनाने माझ्या पत्र्यावर टकटक करत राहिला. मोटर चालू असतानाही मला ते ऐकू येत होतं.

आणि लाल पोत्याच्या ऑर्डरी थांबल्या. कुणी नाही म्हणेना, कुणी हो म्हणेना. मिस्टर को खाली आले.

"निशी, रेड ऑर्डर ऑल स्टॉप. दे ऑल से वेटिंग. वेटिंग फॉर व्हॉट?"

"बघतो, सर," हे निशिकांत इंग्रजीत म्हणाला.

"रेड नो मोअर, आय कीप यू फॉर व्हॉट?" मिस्टर को रागावले नव्हते. खरोखरच विचारत होते, आणि तेच वाईट होतं.

मग माझी मोटर बंद केली. एवढी शांतता मला सोसत नाही. कडेची पावडर दगडासारखी गच्च झाली. निशिकांत रोज येऊन पोटाला कान लावायचा, वर बघायचा, फोन काढायचा, कुणाला न लावता खिशात ठेवायचा. आम्ही दोघंही आतून गच्च होत चाललो होतो.

एका दुपारी मिस्टर को हेमचंद्रना घेऊन आले. दोघेही हसत होते.

"ऑल रेड," हेमचंद्र म्हणाले. "एव्हरी शिप. मंडळातले दुसऱ्या कंपन्यांतले सुपरिंटेंडंटही हेच घेणार आहेत."

मिस्टर को आनंदाने कोपी आणायला धावले. कोपी म्हणजे इथली कॉफी. निशिकांत बावळटासारखा उभा होता.

"पण मी तुम्हाला सांगितलं होतं ना?"

"सांगितलंत म्हणूनच." हेमचंद्रनी खांद्यावर हात ठेवला. "अहो, तिप्पट किमतीचा माल सोडून माणूस स्वस्तातलं घ्या म्हणतो, तेही फुकटात? आम्ही काय काल बोटीवर चढलो? पांढऱ्यात तुमचं काहीतरी सुटत असणार. मंडळात यावर एकमत झालं. आपल्या मंडळात एकमत, म्हणजे विचार करा."

"माझं काहीही नाही त्यात! पावडर एकच आहे."

"असेल हो. अगदी एकच असेल. पण उद्या बोटीवर आग लागली आणि विझली नाही, तर मला विचारतील, स्वस्तातलं का घेतलं? महागातलं का घेतलं, असं मला आजवर कुणी विचारलेलं नाही. ते तिप्पट पावडरचे नाहीत, निशिकांतराव, माझ्या झोपेचे आहेत. आणि पैसे मालकाचे."

"मग मंडळात निदान एवढं सांगा, की मी कमिशन खात नाही."

हेमचंद्र जरा अवघडले. "तसं सांगितलं तर मग मी लाल का घेतलं, हे सांगावं लागेल."

तेवढ्यात मिस्टर को कोपीचे ग्लास आणि ऑर्डरचे कागद घेऊन आले. काही बोलायचं तर हीच वेळ होती. खरं पुन्हा मोठ्याने सांगितलं असतं तर अब्रू राहिली असती आणि पास गेला असता. निशिकांतने तोंड उघडलं. मोटर बंद असताना मी थरथरलो, ते त्या एकाच वेळी. मिस्टर कोंनी त्याच्या हातात ग्लास दिला. त्याने कोपी प्यायली.

सही झाली. मला बाहेरून पुसलं, आतून काठीने ठोकून मोकळं केलं, आणि लाल पोती लागली. तेव्हापासून मला उसंत नाही. गणेशोत्सवाची वर्गणी गोळा करायचं काम दरवर्षी निशिकांतकडे असायचं, ते यंदा दुसऱ्याला दिलं. कारण कुणी सांगितलं नाही. सगळे त्याच्याशी फार गोड बोलतात.

मित्रांनो, तुमच्या इमारतीच्या जिन्यात पावडरचं लाल नळकांडं टांगलेलं असेल, तर वर्षातून एकदा मोठ्या माणसांना ते तपासून घ्यायला सांगा. आतली पावडर एकाच जागी बसून राहिली की गच्च होते आणि ऐन वेळी बाहेर येत नाही. नळकांडं कुठल्या रंगाच्या पोत्यातून भरलंय, हे विचारलं नाहीत तरी चालेल.

काल निशिकांतचा नवा पास आला. त्याने मला टेकून घरी फोन लावला. पलीकडे इरा आधी रडली, मग हसली, मग एकदम थांबून म्हणाली, "पण निशी, इतकं रामायण झालं, त्या पावडरमध्ये असतं तरी काय रे?"

"खाण्याचा सोडा," निशिकांत म्हणाला.