ऑक्टोपसने घेतलेली चव

आयुष्यभर खानावळ चालवलेल्या आत्याने सागरी उद्यानातल्या उथळ टाकीत हात घातला, तेव्हा एका ऑक्टोपसने तिच्या बोटाला विळखा घातला आणि थोड्या वेळाने अलगद सोडला. घरी आल्याआल्या तिने भाचीला त्याची माहिती वाचायला बसवलं.

"आत्या, याला तीन हृदयं असतात! आणि हातांवरच्या त्या गोल वाट्यांनी तो चव घेतो."

आत्याने आपलं बोट न्याहाळलं. "म्हणजे त्याने मला चाखलं?"

"मीठ कमी वाटलं असेल, म्हणून सोडलं!"

आत्या हसली नाही. प्रत्येक पातेल्याची चव आजवर तिनेच घेतली होती. आपलीही कुणी घेईल, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

"अगं, माझी चव त्याच्या लक्षात राहिली असेल का?"

भाची पुढे वाचू लागली.