प्रल्हादचं मत

२०२३ साल उजाडून तीन आठवडे झाले होते. न्यू जर्सीतल्या पार्सिपनीच्या मराठी मंडळाचा संक्रांतीचा कार्यक्रम शाळेच्या हॉलमध्ये संपत आला होता आणि प्रताप माइक हातात घेऊन उभा होता. खरं तर त्याला फक्त आभार मानायला बोलावलं होतं. पण प्रतापच्या हातात गेलेला माइक सहजी परत मिळत नाही, हे मंडळातल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं.

"अजून एक अनाउन्समेंट," तो म्हणाला. "माझा आणि प्रल्हादचा चाळीस वर्षं एक वाद चाललाय. तुम्ही सगळ्यांनी तो कधी ना कधी सहन केलाय. तर तो वाद संपला. प्रल्हादने मान्य केलं, की लेनी मॅकुलिक बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमच्या लायकीचा नाही."

लोक हसले. टाळ्या पडल्या. मागून कोणीतरी "फायनली, यार" म्हणालं. पहिल्या रांगेच्या कडेला व्हीलचेअरवर बसलेल्या प्रल्हादने डावा हात वर केला आणि तो म्हणाला, "नाही, नाही."

"बघा," प्रताप म्हणाला. "आता तोच सांगतोय. नाही."

यावर आणखी मोठा हशा झाला. प्रल्हादशेजारी बसलेल्या सुहासिनीने मांडीवरचं तिळगुळाचं ताट बाजूच्या खुर्चीवर सरकवलं, व्हीलचेअरचा ब्रेक काढला आणि नवऱ्याला घेऊन ती बाहेर पडली. पार्किंगमध्ये बर्फावर मीठ टाकलेलं होतं, चाकं त्यात करकरत होती. प्रल्हादला गाडीत बसवताना तो पुन्हा म्हणाला, "नाही." ती म्हणाली, "ठाऊक आहे मला."

आदल्या ऑक्टोबरात प्रल्हादला झटका आला होता. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. शब्द हळूहळू परत येतील, असं डॉक्टर म्हणाले होते. एकच आला. 'नाही.' चहा हवा का, तर नाही, आणि हात कपाकडे. मुलाचा, मिहीरचा फोन आहे, तर नाही, आणि डोळ्यांत पाणी. त्याला दुसऱ्याचं बोलणं सगळं कळत होतं, पण आतून काहीही निघालं तरी दारातून बाहेर पडताना त्याचं 'नाही' व्हायचं.

बोलायला शिकवणारी एक अमेरिकन मुलगी आठवड्यातून दोनदा चित्रांचे पत्ते घेऊन येई. हा शब्द तिने आल्या आल्या शिकून घेतला आणि पेशंट नकार देतो, असा निष्कर्ष काढला. सुहासिनीने तिला समजावलं, की आमच्या भाषेत हा शब्द वाक्याच्या शेपटालाही येतो. थंडी आहे, नाही? तू दमलीस, नाही? तेव्हा तो नकार नसतो. समोरच्याने हो म्हणावं म्हणून केलेली विनवणी असते. मुलीला हे फार आवडलं, पण त्याचं करायचं काय, ते तिला कळेना. सुहासिनीला मात्र कानाने कळायचं. शेवट वर गेला, की हो. सपाट पडला, की खरोखरचं नाही. आणि मधला 'ह' गिळून नुसतं 'नाई' आलं, की तू बस इथे, दुसरं काही नको.

ते दोघं मित्र १९७९ साली न्यू जर्सीत आले, नागपूरचा प्रल्हाद पुलांची कामं करणाऱ्या कंपनीत आणि पुण्याचा प्रताप रसायनांच्या. एकाच इमारतीत वर-खाली राहत. क्रिकेटवर पोसलेल्या डोळ्यांना बेसबॉल आधी बालिश वाटला होता. मग एका रविवारी प्रतापच्या जुन्या टीव्हीवर प्रल्हादला बॅट्समनच्या मागे एक माणूस उकिडवा बसलेला दिसला. तोंडावर जाळी, अंगावर ढाली, आणि बसणं थेट आपल्या गावच्या माणसासारखं. "नऊ जणांत हा एकटाच उलट्या तोंडाने बसतो," प्रल्हाद म्हणाला होता, "म्हणून सगळं मैदान ह्या एकट्याला दिसतं." तो लेनी मॅकुलिक, कॅचर. त्या दिवसापासून प्रल्हाद त्याचा झाला.

प्रतापचा हिरो पुढे आला. बॉबी ट्रेस्ट. मारला की चेंडू सरळ गच्चीवर. नंतर कळलं, की तो दंडात ताकद वाढवायची इंजेक्शनं घेत होता.

दर जानेवारीत निकाल लागे. बेसबॉलवर लिहिणारे पत्रकार मतं देतात, शंभरात पंचाहत्तर मिळाली तरच निवृत्त खेळाडूची ब्राँझची पाटी कूपर्सटाउनला हॉल ऑफ फेमच्या भिंतीवर चढते. लेनीला कधी पंधरासुद्धा मिळाली नाहीत. मग त्याचं नाव यादीतूनच गेलं. तरी वाद थांबला नाही. प्रताप म्हणे, इंजेक्शनने दंड फुगतो, चेंडू दिसायला डोळे लागतात. प्रल्हाद म्हणे, ब्राँझवर खोटं कोरायचं नसतं. मुलं कॉलेजात गेली, दोघांचे केस गेले, प्रतापची बायको गेली. ती गेली त्या जानेवारीतही प्रताप आला, टेबलाशी बसला आणि बॉबी ट्रेस्टवर भांडला. सुहासिनी चहा ठेवून जाई. तिने एकही मॅच सलग पाहिली नव्हती. तिच्या लेखी तो वाद म्हणजे फ्रिजची घरघर होती. चालू असते, म्हणून कळत नाही.

त्या रात्री फ्रीमाँटहून मिहीरचा फोन आला, तेव्हा तिने त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आई, इट्स जस्ट बेसबॉल. प्रतापकाका मजा करत होते." तिला चीड आली, पण नीट सांगता आलं नाही. आंघोळ कधी, कपडे कुठले, वरच्या खोलीत झोपायचं की खाली, हे आता सगळे प्रल्हादसाठी ठरवत होते. ती स्वतःही ठरवत होती, आणि पुष्कळदा विचारायच्या आधीच. ह्या माणसाचं स्वतःचं असं एक मत तेवढं उरलं होतं. तेही भरल्या हॉलमध्ये टाळ्यांच्या गजरात काढून घेतलं होतं, आणि तो समोर बसून ऐकत होता.

मंगळवारी निकाल होता. संध्याकाळी प्रताप नेहमीसारखा आला आणि दारात बूट काढायला वाकला. सुहासिनी वाटेतच उभी होती.

"वहिनी, रागावलात का? गंमत होती ती."

"ह्यांना हसू आलं?"

"मी त्याला विचारलं होतं हो. गेल्या आठवड्यात. नाही म्हणाला."

"ते सगळ्यालाच नाही म्हणतात, भावजी. चहाला नाही म्हणून दोन कप पितात."

"मग मी काय करू? त्याच्या मनात काय आहे ते मला कसं कळणार?"

"कळत नाही, तर कळत नाही म्हणा. कळलं म्हणून माइकवर सांगू नका."

प्रताप एक बूट हातात घेऊन तसाच बाकावर बसला. बराच वेळ त्याने बुटाच्या नाडीची गाठ सोडवली, जी सुटलेलीच होती.

"चाळीस वर्षं हा माणूस माझं एक वाक्य धड पुरं होऊ देत नव्हता," तो म्हणाला. "आता मी अर्धा-अर्धा तास बोलतो आणि मध्ये कोणी तोंड घालत नाही. म्हटलं, एकदाचं संपवून टाकावं. जिंकलो म्हणावं."

"संपवायचंच होतं, तर हरून संपवायचं."

प्रतापने मान वर केली. "ते सुचलं नाही," तो म्हणाला, आणि ते खरं असावं, कारण त्याचा चेहरा एकदम ओशाळला.

टीव्हीसमोर तिघं बसले. सुहासिनीने तिसरी खुर्ची ओढली. त्या दोघांच्या मध्ये ती आजवर कधी बसली नव्हती. आज ह्यांच्या बाजूने मी बोलणार, असं तिने जाहीर केलं, आणि दोन दिवस मनात जुळवलेलं सगळं मांडायला लागली. लेनीच्या गुडघ्यांची दोन ऑपरेशनं झाली, तरी तो उकिडवा बसतच राहिला.

"नाही," प्रल्हाद म्हणाला. सपाट.

तीन झाली का? नाही. मग एक? प्रल्हादने नुसतं तिच्याकडे पाहिलं. एवढं सांगायला तीन खेपा लागतात होय, अशा नजरेने. ती पुढे गेली. लेनीच्या संघाने अजिंक्यपद जिंकलं ते साल तिने सांगितलं. नाही. लेनीला फटके मारताच येत नव्हते, पण त्याची गरज नव्हती, असं तिने ठोकून दिलं. त्यावर "नाही" असं आलं, की टीव्हीचा आवाज त्यात बुडाला. एकदा तर ती त्याला विकेटकीपरच म्हणाली. प्रल्हादचा चेहरा लाल झाला, डावा हात खुर्चीच्या दांड्यावर आपटायला लागला. इतकी वर्षं ह्या खोलीत चहा घेऊन आत-बाहेर केलं, आणि हिला एवढंसुद्धा माहीत नाही. सुहासिनी त्याची बाजू राखायला बसली होती आणि तीच ती मातीत घालत होती.

"वहिनी, थांबा. तसं नाही ते," प्रताप न राहवून म्हणाला. "त्याचं म्हणणं वेगळं आहे. त्याचं म्हणणं असं, की कॅचरला फटक्यांवरून मोजायचंच नाही. समोरचा चेंडू टाकणारा पिचर घाबरलेला असतो, एकवीस-बावीसचं पोर असतं. लेनी त्याला बोटांनी खुणा करून सांगायचा, कुठे टाक, कसा टाक. चुकला तर चेंडू अंगावर घ्यायचा. त्याच्या हाताखाली जी पोरं शिकली, त्यातली तिघं आज त्या भिंतीवर आहेत."

प्रल्हादचा हात थांबला.

"आणि त्याचं म्हणणं असं, की ती तिघं वर गेली, तर ज्याने चेंडू झेलले तो बाहेर का?"

"नाही?" प्रल्हाद म्हणाला. शेवट वर गेला.

प्रतापने सुहासिनीकडे पाहिलं. "हे हो आहे?"

तिने मान हलवली. प्रताप खुर्चीच्या टोकाशी सरकला आणि पुढे बोलायला लागला. प्रल्हादचा एकेक मुद्दा, प्रल्हादच्याच क्रमाने. कितीदा तरी खोडून काढलेले, म्हणून त्याला पाठ असलेले. मध्ये एका ठिकाणी सवयीने त्याने लेनीच्या संथ पळण्यावर टोमणा मारला. लगेच सपाट 'नाही' आलं आणि त्याने शब्द मागे घेतला. टीव्हीवर निकाल कधी लागला, ते तिघांनाही कळलं नाही. बॉबी ट्रेस्टला त्या वर्षीही पुरेशी मतं नव्हती.

निघताना सुहासिनीने त्याला बजावलं, की जे माइकवर बोललात ते माइकवरच परत घ्या. प्रतापने पाडव्याच्या कार्यक्रमाचा शब्द दिला. पाडव्याला तो कोट घालून, चार ओळी मनात घोकून आला. पण कमिटीत आता नवी आयटीतली मंडळी होती. विवेक नावाचा सेक्रेटरी त्याला विंगेतच म्हणाला, "काका, सॉरी, शेड्यूल एकदम टाइट आहे. हॉल नऊला खाली करायचाय." प्रताप भांडला, आवाज चढवला, उपयोग झाला नाही. समोर बसलेल्या सुहासिनीला ढोलांच्या आवाजात विंगेतले हातवारे तेवढे दिसले. पुढच्या कार्यक्रमांना प्रल्हादला नेणं जमलं नाही. मंडळाच्या लेखी तो हरलेलाच राहिला.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये प्रल्हाद गेला. मिहीर आठवडाभर आला. बाराव्या-तेराव्याऐवजी एका शनिवारी घरीच माणसं बोलावली. कोणी पुलांबद्दल बोललं, कोणी नागपूरबद्दल. मग प्रताप उठला. नमस्कार न करता, कुठलीही आठवण न सांगता त्याने लेनी मॅकुलिकची बाजू मांडली. अथपासून इतिपर्यंत, एक ऑपरेशन, तीन पोरं, भिंतीवरची ब्राँझ, सगळं. स्वतःचा एक शब्द मध्ये घातला नाही. खोलीतल्या निम्म्या लोकांना हे काय चाललंय तेच समजेना. तो बसल्यावर मिहीरने हळूच विचारलं, "सो काका, यू अग्री विथ हिम?"

"मी कुठे म्हणालो तसं?" प्रताप म्हणाला. "हे त्याचं मत आहे."

लेनी मॅकुलिक अजून हॉल ऑफ फेममध्ये नाही. जुन्या खेळाडूंचा फेरविचार करणाऱ्या समितीपुढेही त्याचं नाव आलेलं नाही. बॉबी ट्रेस्टची यादीतली वर्षं संपली. चित्रांचे पत्ते आणणारी मुलगी लग्न करून दुसऱ्या राज्यात गेली. मिहीर अधूनमधून आईला फ्रीमाँटला यायचा आग्रह करतो आणि ती उन्हाळ्यात बघू म्हणते. प्रतापची नजर अधू झाली, लायसन्स गेलं, तेव्हा ज्ञानदा, त्याची मुलगी, त्याला अ‍ॅशबर्नला घेऊन गेली. त्याच्या खिडकीतून डेटा सेंटरच्या बिनखिडक्यांच्या भिंती दिसतात, अशी त्याची तक्रार असते.

जानेवारीत तो सुहासिनीला फोन करतो. तब्येतीची चौकशी झाली, की घसा साफ करून बॉबी ट्रेस्टची बाजू मांडायला लागतो. एक मुद्दा पुरा झाला, की थांबतो. समोरून उत्तर यायला जेवढा वेळ लागला असता, तेवढा थांबतो. सुहासिनी फोन कानाला धरून उभी असते, मध्ये बोलत नाही. मग तो पुढचा मुद्दा काढतो.